लाल दिव्यामागचं तर्कशास्त्र

कोकण रेल्वे १ मे १९९८ ला देशाला अर्पण झाली. रोहा ते ठोकूर हा मार्ग आजही बराचसा एकेरी आहे, त्यामुळे क्रॉसिंगसाठी लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, गाडी घेतली की चाकरमानी निमूटपणे डबा उघडतात. सिग्नल कधी मिळणार, हे मात्र स्टेशनमास्तरच्या एकट्याच्या मर्जीवर नसतं. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा भाग, योग्य बाजूला बसून पक्का झालेला हवा, आणि पुढचा रूळ मोकळा हवा, आणि विरुद्ध दिशेचा सिग्नल लाल हवा. यातली एक अट चुकली तरी दिवा लालच राहतो. याला इंटरलॉकिंग म्हणतात.

'आणि', 'किंवा', 'नाही' यांचं बीजगणित इंग्लिश गणिती जॉर्ज बूलने १८५४ मध्ये सविस्तर मांडलं. त्याला विचारांचे नियम हवे होते, यंत्र नव्हे. त्याच क्षेत्रात काम करणारा ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याकडे मदुराईत जन्मला होता. तिकडे इंग्लंडमध्ये १८५६ साली जॉन सॅक्सबीने सांधे आणि सिग्नल एकमेकांत अडकवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. तेच तर्कशास्त्र, पण लोखंडी दांड्यांत!

हे दोन धागे जुळायला ऐंशी वर्षं गेली. १९३७ मध्ये क्लॉड शॅननने एमआयटीतल्या प्रबंधात दाखवलं, की रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे स्विच, एकापुढे एक जोडले तर 'आणि' होतो, समांतर जोडले तर 'किंवा'. संगणकाच्या चिपमधली प्रत्येक वाट याच कल्पनेवर उभी आहे. माझ्या मते विसाव्या शतकातला इतका साधा आणि इतका दूरगामी प्रबंध दुसरा नसेल.

संगणकाकडे जाणारी दुसरी वाट गणिताच्या पायाकडून आली. जर्मन गणिती फ्रेगेने १८७९ मध्ये तर्काला काटेकोर चिन्हभाषा दिली. कोणतंही विधान सिद्ध होतं की नाही, हे ठरवणारी यांत्रिक रीत असेल का, असं पुढे गणिती हिल्बर्टने विचारलं. १९३६ मध्ये अलोन्झो चर्च आणि अॅलन ट्युरिंग या गणितींनी स्वतंत्रपणे 'नाही' असं उत्तर दिलं. ते 'नाही' सिद्ध करण्यासाठीच ट्युरिंगने आपलं काल्पनिक यंत्र रचलं.

जिथे रीत आहे, तिथेही अडचण आहे. सांधे, सिग्नल, रुळाचे तुकडे मिळून ३० गोष्टी धरा, प्रत्येकीच्या दोनच अवस्था. शक्यता होतात १०७ कोटींहून जास्त. माणसाने एकेक तपासत बसणं अशक्य, म्हणून १९८० च्या दशकात मॉडेल चेकिंग आलं: दोन गाड्यांना एकाच रुळाची परवानगी कधीच मिळणार नाही, हे संगणकानेच तपासून द्यायचं. पॅरिसची चालकाविना धावणारी १४ क्रमांकाची मेट्रोही १९९८ चीच. तिच्या सुरक्षेच्या आज्ञावलीसाठी बी-मेथड ही आज्ञावली गणिताने पडताळत रचण्याची पद्धत वापरून गणिती सिद्धता दिली गेली.

पण सिद्धता दिलेल्या अटींपुरतीच असते. रुळाबद्दल इंटरलॉकिंगच्या यंत्रणेला मुख्यतः एवढंच कळतं, की त्यावर गाडी आहे की नाही. कोसळलेली दरड तिला दिसत नाही. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळचा अपघात दरडीनेच झाला. म्हणून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात आणि रुळावर माणसांची गस्त असते.