विषय बेळगावचा, श्रोता भलताच

१ नोव्हेंबरला बेळगावात घराबाहेर पडताना शर्ट जपून निवडावा लागतो. काळा घातलात तर तुम्ही काळ्या दिनाच्या सायकल फेरीतले. गळ्यात लाल-पिवळं असेल तर कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीतले. बेळगाव आजच्या कर्नाटकात घालणारी १९५६ ची राज्य पुनर्रचना एकच, पण एका गल्लीत तिचा दुखवटा आणि पुढच्या गल्लीत सण.

मानसशास्त्रात याला ‘चौकट’ म्हणतात. एमस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी १९८१ मध्ये तिचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. साथीत ६०० माणसं मरतील अशी भीती आहे. एका उपायानं ‘२०० नक्की वाचतील’ म्हटल्यावर ७२ टक्के लोकांनी तो निवडला. दुसऱ्या गटाला तोच उपाय ‘४०० नक्की मरतील’ असा सांगितला, तेव्हा जेमतेम २२ टक्के तयार झाले. बाकीच्यांनी ‘सगळे वाचतील, नाहीतर सगळे मरतील’ असा जुगार पत्करला. हिशेब एकच, पण ‘जाणार’ ऐकलं की माणूस बिथरतो.

पुढाऱ्यांना हे प्रयोगाविना कळतं. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतात ५५.३ टक्के लोकांनी स्वातंत्र्य नाकारलं. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या निवडणुकीत हुजूर पक्षाचं पोस्टर झळकलं: स्कॉटिश राष्ट्रवाद्यांचे ॲलेक्स सामंड, आणि त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात बाहुलीएवढे मजूर पक्षाचे एड मिलिबँड. स्कॉटलंडला काय हवंय, याचा त्यात पत्ताच नाही. ते चित्र इंग्लंडमधल्या मतदारासाठी होतं: बघा, तुमचं सरकार दुसराच चालवणार! स्पेनमध्ये २०१९ च्या टीव्हीवरच्या वादसभेत पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी बेकायदा सार्वमत घेणं फौजदारी गुन्हा ठरवू, असं सांगितलं. कॅटालोनिया प्रांताची स्वातंत्र्याची मागणी राजकारणातून उचलून थेट पोलीस ठाण्यात!

आपला सीमाप्रश्न स्वातंत्र्याचा नाही. कुठल्या राज्यात राहायचं, एवढाच आहे. तरी चौकटीचा खेळ तोच. बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल बेंगळुरूत ‘अंतिम’ असतो, मुंबईत ‘अमान्य’. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. भाषणं मात्र दोन्ही राजधान्यांत आपापल्या मतदारासाठी होतात, आणि सीमाभागातला माणूस मिलिबँडसारखा कुणाच्या तरी खिशात.

खानापूरकडच्या शेतकऱ्याला जमिनीचा उतारा मराठीतून हवा असतो. तो मुद्दा भाषणात शेवटी येतो, वेळ उरला तर.