उपचारासाठीच्या प्रवासाची सवलत : रेल्वे, एसटी आणि सरकारी योजनांतून काय मिळते, त्यासाठी कोणता कागद लागतो

मोठ्या आजारात औषधांच्या खालोखाल पैसा जातो तो जाण्यायेण्यात. अमरावतीहून परळला केमोसाठी, मोखाड्याहून जिल्हा रुग्णालयात रक्तासाठी, तालुक्याहून आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला. या प्रवासासाठी सवलती आहेत आणि त्या चालूही आहेत. २० मार्च २०२० पासून रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबवली, तेव्हापासून ‘रेल्वेचं कन्सेशन बंद झालं’ असा समज पसरला. तो चुकीचा आहे. रुग्णांच्या, ठरावीक दिव्यांगांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सवलती बंद झालेल्या नाहीत.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. खिडकीवरचा कर्मचारी आजार बघत नाही, दाखला बघतो. फाइल कितीही जाड असली तरी ठरलेल्या नमुन्यातला, सही-शिक्क्याचा कागद नसेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. म्हणून सगळी धावपळ तिकिटाच्या आधी, रुग्णालयातच उरकायची असते.

रेल्वे : कोणाला किती

सगळ्यात जास्त सवलत कर्करोगाच्या रुग्णाला आहे. स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये रुग्णाचे मूळ भाडे पूर्ण माफ. सेकंड क्लास, फर्स्ट क्लास आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के, तर सेकंड एसी आणि फर्स्ट एसीमध्ये ५० टक्के. सोबतच्या एका माणसालाही याच दराने सवलत मिळते, फक्त स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये त्याला ७५ टक्केच मिळते.

माफी मूळ भाड्याला असते. आरक्षण शुल्क आणि सुपरफास्ट शुल्क भरावेच लागते. समजा, स्लीपरचे मूळ भाडे ४०० रुपये आहे. आरक्षणाचे २० आणि सुपरफास्टचे ३० धरून दोघांचे साधे तिकीट ९०० रुपये होईल. दाखला असेल तर रुग्णाचे फक्त ५० रुपये, सोबत्याचे १०० अधिक ५० म्हणजे १५०. दोघांचे मिळून २००. खर्च वाचवायचा म्हणून कर्करोगाचा रुग्ण जनरल डब्यात बसतो, हे मात्र उलटेच होऊन बसते. जनरलमध्ये पाव भाडे द्यावे लागते, स्लीपरमध्ये भाडेच नाही. लांबच्या प्रवासात स्लीपर स्वस्तही पडते आणि आडवे होता येते. पैशांची ओढ असली तरी आरक्षण मिळत असेल तर जनरलचा विचार करू नये.

थॅलेसेमियाचे रुग्ण उपचार आणि नियमित तपासणीसाठी, हृदयाचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी, मूत्रपिंडाचे रुग्ण प्रत्यारोपण किंवा डायलिसिससाठी जात असतील तर सेकंड, स्लीपर, फर्स्ट क्लास, थर्ड एसी आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के, सेकंड एसी आणि फर्स्ट एसीमध्ये ५० टक्के. एका सोबत्याला तेवढीच. इथे ‘शस्त्रक्रियेसाठी’ हा शब्द नीट वाचावा. हृदयविकाराच्या गोळ्या चालू आहेत आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायला जायचे आहे, एवढ्यावर ही सवलत बसत नाही. मूत्रपिंडाचेही तसेच, मुतखडा काढायला निघालेल्या माणसाला ती नाही.

हिमोफिलियाला सेकंड, स्लीपर, फर्स्ट, थर्ड एसी आणि चेअर कारमध्ये ७५ टक्के, सोबत्यालाही. त्यावरच्या वर्गांत काही नाही. क्षयरोग आणि असंसर्गजन्य कुष्ठरोगाला सेकंड, स्लीपर, फर्स्ट क्लासमध्ये ७५ टक्के, सोबत्यासह. सिकलसेल आणि अप्लास्टिक अ‍ॅनिमियाला ५० टक्के, पण फक्त स्लीपर, चेअर कार, थर्ड एसी आणि सेकंड एसीमध्ये. म्हणजे सिकलसेलचा रुग्ण जनरलचे तिकीट मागेल तर सवलत मिळणार नाही, स्लीपरचे मागेल तर मिळेल. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना नेमून दिलेल्या एआरटी केंद्रावर (एचआयव्हीची औषधे मिळतात त्या केंद्रावर) जाण्यासाठी सेकंड क्लासमध्ये ५० टक्के. ऑस्टोमी (मल किंवा मूत्र बाहेर पडण्यासाठी पोटावर छिद्र करण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांना मासिक आणि त्रैमासिक पासावर ५० टक्के.

दाखला कसा काढायचा

प्रत्येक आजाराचा रेल्वेने ठरवलेला वेगळा नमुना असतो. कर्करोगाचा नमुना क्षयरोगासाठी चालत नाही आणि डॉक्टरांच्या साध्या लेटरहेडवर ‘सदर रुग्णास सवलत मिळावी’ असे लिहून आणले तर ते खिडकीवर कुचकामी ठरते. मोठ्या रुग्णालयांत हे छापील नमुने तयार असतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी रोज कितीतरी बाहेरगावचे रुग्ण हेच काम करत असतात, त्यामुळे कोणालाही विचारले तरी खिडकी दाखवतात. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना गाठावे.

सोबत न्यायचे ते असे : केसपेपर किंवा फाइल, निदानाचा अहवाल (कर्करोगात बायोप्सीचा), पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेले कार्ड, रुग्णाचे आणि सोबत्याचे आधार, आणि लागलेच तर दोन फोटो. सही रुग्णालयाच्या प्रमुखाची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या डॉक्टरांची हवी. वॉर्डातल्या निवासी डॉक्टरची सही कित्येकदा परत पाठवली जाते.

दाखल्यात नाव, वय, पत्ता, प्रवासाचे कारण आणि ‘कुठून कुठे’ लिहिलेले असते. सगळ्यात जास्त घोळ होतो तो या शेवटच्या रकान्यात. तिथे शहराचे नाही, स्टेशनचे नाव लिहावे. ‘अमरावती ते मुंबई’ असा कागद घेऊन गेलात तर मुंबईतले कोणते स्टेशन, यावर वाद होतो. ‘अमरावती ते दादर’ असे लिहिले तर बोलायला जागा राहत नाही. गाव मुख्य मार्गावर नसेल तर ज्या स्टेशनवरून गाडीत बसणार तेच नाव टाकावे. नाव आधारवर जसे आहे तसेच हवे. खाडाखोड झाली तर त्या जागी पुन्हा डॉक्टरांची सही आणि शिक्का, नाहीतर नवा कागद.

जाण्याचा आणि परतीचा दाखला वेगळा धरून चालावे. घरी परतताना रुग्णालयातून एकच कागद घेऊन निघतात आणि महिन्याने पुन्हा यायचे म्हटले की हातात काहीच नसते. डिस्चार्ज होतानाच किंवा तारीख मिळतानाच पुढच्या प्रवासाचाही दाखला मागून घ्यावा. पहिल्याच खेपेला, बाहेरच्या रुग्णालयात अजून नावनोंदणी नसताना, गावाजवळच्या ज्या मान्यताप्राप्त रुग्णालयाने पुढे पाठवले आहे तिथूनच तो मिळवावा. विदर्भातल्या कर्करोग रुग्णांना त्यासाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय जवळ पडते.

तिकीट काढताना

रुग्ण सवलतीचे तिकीट मोबाइलवर, आयआरसीटीसीवर निघत नाही. आरक्षण केंद्राच्या खिडकीवरच जावे लागते. रुग्णाने स्वतः उभे राहण्याची गरज नाही. नातेवाइकाने मूळ दाखला आणि आरक्षणाचा अर्ज दिला की काम होते. अर्जावर सवलत हवी असल्याचे आणि सोबत्याचे नाव-वय आधीच लिहावे. मूळ दाखला खिडकीवर जमा होतो, म्हणून झेरॉक्स आधी काढून ठेवावी. गाडीत टीसीने विचारले तर ती झेरॉक्स, आधार आणि रुग्णालयाचे कार्ड दाखवता येते.

तत्काळ कोट्यात सवलत नाही. वंदे भारतमध्येही नाही. पूर्ण भाड्याचे तिकीट आधी काढले आणि दाखला नंतर मिळाला तर फरकाचे पैसे परत मिळत नाहीत. गाडीत टीसी ते तिकीट सवलतीचे करून देत नाही. दोन सवलती एकावर एक लावता येत नाहीत. सोबत्याची सवलत रुग्णाबरोबर प्रवास करतानाच चालते, एकट्याने औषध आणायला निघालेल्या मुलाला ती लागू नाही.

कर्करोगाच्या रुग्णासाठी गाड्यांत स्लीपरचे दोन बर्थ राखीव असतात, हे फार थोड्यांना माहीत असते. ‘वेटिंग आहे’ म्हटल्यावर मागे फिरण्याआधी ‘कॅन्सर पेशंटचा कोटा बघा’ असे स्पष्ट सांगावे. खिडकीवर गर्दी असली की आपणहून कोणी ते बघत नाही.

मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णाला आणि गर्भवतीला जाता येते. तिकीट मात्र काढलेले असावे आणि रुग्णालयाचा कागद वरच्या खिशात. केमोनंतर वरवर धडधाकट दिसणाऱ्या माणसाला त्या डब्यात बोलणी खावी लागतात. कागद असला की तोंडे बंद होतात.

एसटी

सिकलसेल, एचआयव्ही, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांना एसटीच्या साध्या बसमध्ये पूर्ण मोफत प्रवास आहे. कर्करोग, क्षयरोग आणि कुष्ठरोगाच्या रुग्णांना उपचारासाठी जाताना ७५ टक्के सवलत आहे. यासाठीही फोटो लावलेला, शिक्क्याचा वैद्यकीय दाखला लागतो. पहिल्या प्रवासाआधी तो आपल्या आगारातल्या पासच्या खिडकीवर दाखवून घ्यावा, म्हणजे वाहकाशी चालत्या गाडीत हुज्जत होत नाही. मोफत असले तरी शून्य रकमेचे तिकीट वाहकाकडून मागून घ्यायचेच. तपासनीस चढला आणि तिकीट नसेल तर दाखला असूनही अडचण होते.

एचआयव्हीच्या बाबतीत कागद चारचौघांत उघडायला माणसे कचरतात. गाडी सुटण्याआधी, वाहक एकटा असताना त्याला कागद दाखवून तिकीट घ्यावे. कोणता आजार आहे हे त्याने मोठ्याने विचारायचे कारण नाही.

खरे तर पुष्कळ घरांना आजाराच्या सवलतीची गरजच पडत नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सर्व बसमध्ये निम्मे तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत. त्यामुळे ७८ वर्षांच्या आजोबांना कर्करोगाच्या दाखल्यासाठी एसटीत ताटकळायचे कारण नाही, आधार पुरते. सोबत सून किंवा मुलगी असेल तर तिचे तिकीट आपोआप अर्धे. मात्र या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच आहेत. कोल्हापूरहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जाणाऱ्यांनी हद्दीपलीकडच्या टप्प्याचे भाडे वेगळे धरावे.

थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतात. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, काढता येते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात होते. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सोबत्याला ५० टक्के. पण हेच कार्ड रेल्वेत दाखवून दिव्यांग सवलत मागितली तर नकार येतो, कारण रेल्वेची दिव्यांग सवलत चार प्रकारांपुरती आहे : सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, दृष्टिहीन, मतिमंद आणि पूर्ण मूकबधिर. सिकलसेलच्या रुग्णाने रेल्वेत आजाराचाच दाखला वापरावा.

गाडीभाडे थेट मिळते ते

गर्भवतींसाठी जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून सरकारी दवाखान्यात, तिथून मोठ्या रुग्णालयात आणि परत घरी, असा तिन्ही टप्प्यांचा प्रवास मोफत आहे. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आईला आणि एक वर्षापर्यंत आजारी बाळाला तो लागू आहे. गाडी १०२ वर मागवायची, जिवावर बेतले असेल तर १०८. जाताना गाडी मिळते, परतीला ‘तुमची सोय बघा’ म्हणतात. परतीचा प्रवासही हक्काचाच आहे, तो डिस्चार्जच्या आदल्या दिवशी आशाताईंना सांगून ठरवून घ्यावा.

आदिवासी क्षेत्रातल्या क्षयरुग्णाला प्रवासासाठी एकदाच ७५० रुपये मिळतात. निक्षय पोषण योजनेतले दरमहा १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते) आहारासाठी असतात, ते यात धरू नयेत. दोन्ही रकमा बँक खात्यात येतात, त्यामुळे खाते आधारशी जोडलेले आणि चालू असायला हवे. रक्कम अडकली तर बहुतेकदा खाते बंद पडलेले असते किंवा निक्षय पोर्टलवर खाते क्रमांकाचा एखादा आकडा चुकलेला असतो. तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकाकडे पासबुकाची झेरॉक्स द्यावी.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भरती झालेल्या रुग्णाच्या पॅकेजमध्ये रुग्णालयातून घरी जाण्याचे एसटीचे किंवा सेकंड क्लास रेल्वेचे भाडे एकदा धरलेले असते. रक्कम लहान, मागणारे त्याहून थोडे. डिस्चार्जच्या कागदांवर सही करण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) विचारावे आणि पैसे मिळाले असतील तरच ‘मिळाले’ या ओळीखाली सही करावी. पैसे न देता सही मागितली तर १५५३८८ या योजनेच्या क्रमांकावर तक्रार करता येते. रेल्वेच्या खिडकीवर योग्य दाखला असूनही नकार मिळाला तर आधी त्याच केंद्रातल्या पर्यवेक्षकाला भेटावे, मग १३९ वर कळवावे. तिकीट त्याआधी पूर्ण भाड्याने काढून बसू नये, कारण तो फरक नंतर कोणीच देत नाही.