शेपूट उगवतं तेव्हा आणि शेपूट जिरतं तेव्हा

पावसाळ्यात डबक्यातले बेडूकमासे बरणीत घालून घरी आणले, की काही आठवड्यांनी त्यांना पाय फुटतात आणि शेपूट नाहीसं होतं. 'गळून पडलं' असं आपण सहज म्हणून जातो. पण बरणीचा तळ कितीही ढवळा, पडलेलं शेपूट सापडायचं नाही. ते अंगातच जिरतं.

याच पिलाचं शेपूट लहानपणी कुणी तोडलं, तर मात्र ते साधारण आठवडाभरात नव्यानं उगवतं. मज्जारज्जू, स्नायू, सगळ्यासकट. (पालीचं प्रकरण वेगळं. ती शेपूट स्वतःच टाकते, आणि नव्या शेपटात मणके नसतात, कूर्चेची नळी असते.) या दोन्ही प्रसंगी शेपटात भक्षक पेशी, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, दिसतात. मग प्रतिकारशक्ती शेपूट खाते की वाढवते, असा घोळ होतो.

जिरण्याचं आधी उरकतो, कारण तिथला मुकादम ठाऊक आहे: थायरॉइड, गळ्यातली संप्रेरक बनवणारी ग्रंथी. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञानं बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते पुरते वाढायच्या आतच बेडकाचं रूप घेऊ लागले. पुढे असंही दिसलं, की कापलेलं शेपूट काचेच्या बशीत ठेवून त्यावर थायरॉइडचं संप्रेरक घातलं तरी ते आक्रसतं. बशीत रक्त फिरत नाही, मग बाहेरून पांढऱ्या पेशी येणार कुठून? मरायचं ते शेपटातल्या पेशीच ठरवतात. तिथल्या भक्षक पेशी मागचा राडारोडा उचलतात. त्या दिवसांत तोंड आणि आतडी नव्यानं घडत असल्यामुळे पिलू काही खात नाही. जिरणारं शेपूट हीच त्याची शिदोरी.

उगवण्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि मला जास्त आवडते तीही हीच. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या पिलाचं शेपूट जवळजवळ केव्हाही कापा, उगवतं. फक्त पाचव्या दिवसाच्या आसपास थोडा काळ असा येतो, की जखम जाड कातडीनं बंद होते आणि पुढे काही घडत नाही. २००९ साली टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमक्या याच वयाच्या पिलांना टॅक्रोलिमस दिलं. मूत्रपिंड बदललेल्या माणसाच्या शरीरानं ते नाकारू नये म्हणून देतात, तेच औषध. प्रतिकारशक्ती दबली आणि बऱ्याच पिलांची शेपटं पुन्हा उगवली.

यावरून प्रतिकारशक्ती म्हणजे उगवण्यातला अडथळा, असं वाटेल. पण २०२० साली केंब्रिजच्या गटानं उलटा प्रयोग केला. ज्या वयात शेपूट हमखास उगवतं, त्या वयाच्या पिलांमधून भक्षक पेशींचं कूळच कमी केलं. शेपूट उगवेना! जखमेच्या टोकाशी कातडीतल्या काही खास पेशी जमल्याशिवाय नवं शेपूट सुरू होत नाही, आणि त्यांना तिथवर पोचायला भक्षक पेशींची मदत लागते. म्हणजे प्रश्न त्या असाव्यात की नसाव्यात हा नाहीच. डागडुजी करणाऱ्या आल्या तर काम पुढे सरकतं. दाह पेटवणाऱ्या ठाण मांडून बसल्या तर अडतं.

आता गोंधळाचं खरं मूळ. त्याच २००९ साली जपानमधल्याच दुसऱ्या एका गटानं मांडलं, की घडू लागलेल्या बेडकाच्या नव्या टी पेशी (आपलं-परकं ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) शेपटातल्या 'औरो' नावाच्या प्रथिनांना परकं समजून हल्ला चढवतात आणि त्यातून शेपूट जिरतं. आपल्याच शेपटाशी वैर, ही कल्पना इतकी देखणी, की ती लगेच डोक्यात बसते. पुढे झेनोपसच्याच एका लहान जातीत औरोची जनुकं निकामी करून पाहिली. शेपटं तरीही जिरली.