ताकदीचा व्यायाम आणि आतड्यांतील जीवाणू

वजन उचलण्याच्या किंवा स्वतःच्याच शरीराचा भार पेलण्याच्या व्यायामाने मोठ्या आतड्यातील जीवाणूंमध्ये होणारे बदल. डंबेल्स आणि जिममधली यंत्रे हे या व्यायामाचे आजचे रूप. मराठवाड्यात त्याचे जुने घर म्हणजे तालीम: जोर, बैठका, मुद्गल आणि उकरलेली लाल माती. १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातलेच.

माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. लहान आतड्यात न पचलेला तंतुमय भाग ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन. फिकॅलिबॅक्टेरियम आणि रोझबुरिया हे ते बनवणारे ठळक जीवाणू.

व्यायामाचा संबंध आधी दिसला तो आयर्लंडच्या रग्बी खेळाडूंत. २०१४ च्या त्या अभ्यासात त्यांच्या आतड्यांत जीवाणूंची विविधता जास्त आढळली. पण हे खेळाडू प्रथिनेही भरपूर खात होते, त्यामुळे श्रेय व्यायामाचे की ताटाचे हे ठरेना. २०१८ मध्ये अमेरिकेत बैठ्या सवयीच्या ३२ जणांकडून सहा आठवडे दमसासाचा व्यायाम करून घेतला. सडपातळ व्यक्तींत ब्युटिरेट वाढले, व्यायाम थांबल्यावर पुन्हा उतरले.

हे झाले धावण्या-सायकलीचे. वजनांच्या व्यायामाचे चित्र अजून धूसर आहे. २०२१ च्या एका आठ आठवड्यांच्या तुलनेत दमसासाच्या गटात सुरुवातीला बदल दिसले, वजन उचलणाऱ्यांत नाहीत. २०२५ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेनच्या संशोधकांनी व्यायामाची सवय नसलेल्यांना आठ आठवडे ताकदीचा व्यायाम दिला. ज्यांची ताकद सर्वांत जास्त वाढली, त्यांच्यात फिकॅलिबॅक्टेरियम आणि रोझबुरिया होमिनिस वाढलेले आढळले. यावरून जीवाणू ताकदीमुळे वाढले असे लगेच म्हणू नये. जीवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांचे स्नायू रोडावतात आणि जीवाणू दिल्यावर सुधारतात, हे २०१९ मध्ये दिसले आहे. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी चालू असावा.

खरी गुंतागुंत खुराकात आहे. पैलवानाचा खुराक दूध, तूप, बदाम, अंडी, मटणाचा; पोलीस भरतीसाठी गोळाफेक आणि पुशअप्स करणाऱ्या पोरांचा आता डब्यातल्या पावडरीचा. प्रथिने अती झाली की न पचलेला भाग मोठ्या आतड्यात पोचतो. तिथे तंतू कमी असले, तर जीवाणू त्या प्रथिनांवरच गुजराण करतात आणि अमोनियासारखे त्रासदायक पदार्थ निघतात. भाकरी सोडून नुसता ‘प्रोटीन’ धरणाऱ्याची चूक इथेच होते. ज्वारीतला पिष्टमय भाग प्रथिनांच्या वेढ्यात असल्याने सावकाश पचतो आणि त्यातला काही जीवाणूंपर्यंत जातो. तुरीच्या वरणातली आणि हरभऱ्यातली रॅफिनोज ही साखर तर माणसाला पचतच नाही, ती पूर्णपणे जीवाणूंचीच. हरभरा वातूळ म्हणतात तो याच कारणाने: पोटात गुबारा धरतो तो त्यांच्या आंबवण्याचा वायू. ताकातले जीवाणू बहुधा वस्तीला राहत नाहीत, वाटसरूसारखे पुढे निघून जातात. तरी ताक सोडण्याचे कारण नाही.

अतिश्रमाचा उलट परिणामही होतो. जोरदार व्यायामात रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे आणि कातडीकडे वळते. त्यात उष्णतेची भर पडली, तर आतड्याचे अस्तर सैल पडून जीवाणूंची विषद्रव्ये रक्तात झिरपू शकतात. मराठवाड्यात वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत दुपारच्या पत्र्याच्या जिमपेक्षा पहाटेची तालीम आतड्याला सोसणारी.