माहूरची तीन शिखरे (पायवाट)

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, माहूर गावाभोवतीच्या सागवानी डोंगरांतून रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामाता ही तीन ठाणी जोडणारी दिवसभराची चाल. पैनगंगा या डोंगरांना वळसा घालून जाते. नदीपलीकडे विदर्भ, यवतमाळ जिल्हा. मराठवाडा म्हटले की उघडे माळ आणि पाण्याचे टँकर डोळ्यांपुढे येतात. किनवट-माहूरचे जंगल पाहिलेला माणूस तसे सरसकट बोलत नाही.

गाडीरस्ते झाल्यापासून बहुतेक भाविक पायऱ्यांपर्यंत वाहनानेच जातात. त्यांना तीन देवळे दिसतात, मधला डोंगर मात्र राहून जातो. ज्याला जमेल त्याने एकदा तरी ही वाट पायी करावी.

डोंगर काळ्या बेसाल्टचे आहेत. लाव्हाचे थर एकावर एक बसल्यामुळे चढ सलग नसतो: थोडी उभी चढण, मग सपाटी, पुन्हा चढण. सह्याद्रीसारखे ताशीव कडे वाटेत आडवे येत नाहीत, त्यामुळे रोज चालण्याची सवय असलेल्याला चढ जड जात नाही. दम काढते ते ऊन.

जंगल पानझडी. साग मुख्य, सोबत मोह, तेंदू, धावडा, पळस, बेहडा आणि उतारांवर सीताफळाची झुडपे. आषाढ-श्रावणात सागाची पाने सुपाएवढी होतात आणि पावसाचा थेंब त्यांवर असा वाजतो की शेजारी चालणाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. इथल्या पोरांचा हा जुना खेळ. भादव्यानंतर अळी पानातला हिरवा भाग खाऊन टाकते आणि नुसत्या शिरांची जाळी फांदीवर लटकत राहते. नवख्याला वाटते झाड मेले, पण साग मरत नाही. फाल्गुनात सारे रान उघडे पडते आणि पळस पेटतो.

पहिला टप्पा रेणुकेचा. साडेतीन शक्तिपीठांतले हे एक पूर्ण पीठ. गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही, शेंदराने माखलेले भव्य मुख आहे. परशुरामाने घाई करून मागे वळून पाहिले, म्हणून आईचे मुखच तेवढे जमिनीवर आले, अशी कथा सांगतात. देवीला तांबूल चढतो. विड्याची पाने, सुपारी, काथ, चुना आणि मसाला खलबत्त्यात एकजीव होईपर्यंत कुटतात. हा लालसर, मऊ गोळा प्रसाद म्हणून हातावर पडतो आणि बोटांना त्याचा वास बराच वेळ राहतो. चढून आलेल्याच्या कोरड्या तोंडाला तो काय लागतो, ते खाल्ल्यावरच कळते.

जवळच्या टेकड्यांवर माहूरचा किल्ला, रामगड. तटबंदी, हत्ती दरवाजा, महाकाली बुरूज आणि पाण्याचे तलाव झाडीत गुरफटले आहेत. बहमनी, निजामशाही, मोगल अशा सत्ता इथे आल्या. अकबराच्या काळात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, होते. माहूरच्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई, म्हणजे रायबागन, 1661 मध्ये सह्याद्रीतल्या उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाबरोबर होती. कोंडीत सापडलेल्या खानाला शिवाजी महाराजांना शरण जाण्याचा सल्ला तिनेच दिला.

पुढे दत्तशिखर. दत्तात्रेय काशीला स्नान करतात, कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि माहूरला निजतात, अशी श्रद्धा. दत्तजयंतीला इथे मोठी जत्रा असते. त्यापलीकडे अनसूयेचे शिखर. दत्त आणि त्याची आई अशी शेजारची दोन शिखरे पायी जोडली की या क्षेत्राचा मेळ कळतो. गाडीतून उतरून-चढून तो कळत नाही.

श्रावणी पौर्णिमेला गडाची परिक्रमा होते. ओढे, चिखल, सागाचे रान तुडवत मराठवाडा, विदर्भ आणि तेलंगणातून आलेली माणसे अनवाणी चालतात.

एरवी चालायला आश्विन ते मार्गशीर्ष उत्तम. दिवाळीनंतर ओढे आटत जातात, म्हणून पाणी गावातूनच भरून न्यावे. उन्हाळ्यात पहाटे निघून दुपारआधी परतावे. मोह गळू लागला की अस्वले फुलांसाठी झाडाखाली येतात. अशा दिवसांत पहाटे एकट्याने रानात शिरू नये. मोह वेचणाऱ्या बायाही चौघी-पाचजणी मिळून, मोठ्याने बोलतच जातात.