दादरा-नगर हवेलीची केस हेगपर्यंत कशी गेली

आंतरराष्ट्रीय कायद्याचा विषय निघाला की कोणीतरी लगेच म्हणतं, त्याला विचारतो कोण, बळी तो कान पिळी. मला हे अजिबात पटत नाही, आणि का ते सांगायला आपल्या शेजारचीच एक केस पुरे आहे, पोर्तुगाल विरुद्ध भारत, हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय.

सुरुवात पार पेशवाईत. 1779 ला मराठ्यांचं इंग्रजांशी युद्ध चालू होतं, तेव्हा पोर्तुगीजांशी तरी दोस्ती असावी म्हणून पुणे दरबाराने त्यांच्याशी तह केला आणि दमणजवळच्या गावांचा वर्षाला 12,000 रुपयांचा महसूल त्यांना लावून दिला. गावं ठरली पुढे 1783 आणि 1785 च्या सनदांनी, तीच आजची दादरा आणि नगर हवेली. मग 1818 ला पेशवाई बुडाली, इंग्रज आले आणि त्यांनी पोर्तुगीजांना तिथले राज्यकर्ते म्हणूनच वागवलं. पण दमण समुद्राकाठी आणि ही गावं आत, त्यामुळे जायचं तर मधला इंग्रजांचा मुलूख ओलांडायलाच लागायचा. साधी माणसं, मुलकी अधिकारी, माल यांची ये-जा चालायची, सशस्त्र शिपाई न्यायचे तर मात्र इंग्रजांची परवानगी लागायची.

1954 च्या जुलैमध्ये आधी दादरा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं, मग 2 ऑगस्टला नगर हवेलीतलं मुख्य गाव सिल्वासा. सोडवणारे गोव्यातले आणि महाराष्ट्रातले कार्यकर्ते होते, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे हेसुद्धा त्यात होते. भारत सरकारने दमणहून तिकडे जायचा रस्ता बंद केला.

आता पोर्तुगालची घाई बघा. 14 डिसेंबर 1955 ला ते युनोचे सभासद झाले, 19 ला कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि 22 ला केस दाखल! मागणी अशी की आमच्या मुलखात जायचा आमचा हक्क आहे, सैन्यासकट. आपली बाजू मांडायला ॲटर्नी जनरल सेटलवाड होते, आणि खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबई हायकोर्टाचे छगला बसले.

12 एप्रिल 1960 ला निकाल लागला, आणि मला त्यातला सनदांचा भाग सगळ्यात भारी वाटतो. कोर्टाने पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ती मराठ्यांची कागदपत्रं वाचून सांगितलं की मराठ्यांनी फक्त महसूल दिला होता, म्हणजे सरंजाम, राज्य दिलं नव्हतं. बंडखोरी झाली तर ती मोडायचा अधिकार त्यात पोर्तुगीजांना वेगळा लिहून दिलेला, आणि मालकच असते तर तो वेगळा द्यायची गरज काय? पण इंग्रजांनी आणि नंतर भारतानेही त्यांची सत्ता मान्य केली होती, हा मुद्दा आपल्या विरोधात गेला. माणसं, अधिकारी, माल यांच्यासाठी जायचा हक्क होता, न्यायाधीशांची मतं 11 विरुद्ध 4. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांच्यासाठी नव्हता, 8 विरुद्ध 7, म्हणजे एका मताने वाचलो. आणि वातावरण तापलेलं असताना भारताने रस्ता अडवला त्यात काही चुकलं नाही, 9 विरुद्ध 6. वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी पाळलेली वहिवाट हाच दोन देशांमधला कायदा धरला कोर्टाने, आणि जगभरात ही केस अजून त्यासाठीच शिकवतात.

या सगळ्या काळात तिथला कारभार वरिष्ठ पंचायत नावाची तिथलीच संस्था बघत होती. निकालानंतर सव्वा वर्षाने, 11 ऑगस्ट 1961 ला, के. जी. बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथला पंतप्रधान केलं, त्यांनी आणि नेहरूंनी विलीनीकरणाच्या करारावर सह्या केल्या आणि दादरा-नगर हवेली भारतात आलं.