वयोश्री योजना

वयोश्री या नावाने भारतात दोन सरकारी योजना ओळखल्या जातात. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तर महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र अशी साधने कमी उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांपर्यंत पोहोचावीत, हा दोन्हींचा हेतू. केंद्राची योजना वस्तू देते आणि राज्याची पैसे देते. वरवर हा फरक किरकोळ वाटतो, पण म्हाताऱ्या माणसाच्या हातात अखेर काय पडते आणि ते त्याच्या उपयोगाचे असते का, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

वयोश्रीच्या आधी सरकारी खर्चाने कुबडी किंवा चाकाची खुर्ची मिळवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे १९८१ पासून चालू असलेली केंद्राची ‘एडिप’ योजना. ती दिव्यांगांसाठी आहे आणि तिला किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. इथेच वृद्धांची अडचण होत असे. गुडघे झिजलेली, घरातल्या घरात भिंत धरून चालणारी सत्तरीची बाई स्वतःला दिव्यांग म्हणवत नाही. तिचे घरचेही ‘वयोमानाने होणारच’ म्हणून विषय सोडून देतात. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात खेटे घालणे तिला झेपत नाही, आणि गेलीच तरी तिची अशक्तता टक्केवारीत बसेल याची खात्री नसते. थकलेल्या शरीराची गरज ही स्वतंत्र गरज आहे, ती भागवण्यासाठी दिव्यांगत्वाचा शिक्का लागू नये, हे वयोश्रीने मान्य केले. या योजनेच्या खर्चापेक्षा आणि लाभार्थ्यांच्या आकड्यांपेक्षा ही मान्यता मोठी आहे.

राष्ट्रीय वयोश्री योजनेचा प्रारंभ १ एप्रिल २०१७ रोजी आंध्र प्रदेशातील नेल्लोर येथे झाला. ती केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाची योजना असून आता अटल वयो अभ्युदय योजनेचा, म्हणजे केंद्राच्या ज्येष्ठांसाठीच्या योजनांना एकत्र आणणाऱ्या योजनेचा, एक घटक आहे. तिचा पैसा ‘ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी’तून येतो. अल्पबचत, भविष्य निर्वाह निधी अशा खात्यांत वर्षानुवर्षे कोणी दावा न केलेल्या रकमा एकत्र करून हा निधी उभारण्याची तरतूद २०१५ च्या वित्त कायद्याने केली. वारस न आलेल्या बचतीतून कुणाच्या तरी आजोबांना काठी मिळावी, ही कल्पना उचित आहे.

वय ६० पूर्ण असलेली व्यक्ती अर्ज करू शकते. मूळ योजना दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांपुरती होती. पुढे मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्यांनाही तिच्यात घेतले. साधने मोफत असतात, आणि एकाहून अधिक अडचणी असतील तर तितकी साधने मिळू शकतात. साध्या काठीपासून कोपरकुबडी, वॉकर, तीन किंवा चार पायांची काठी, चाकाची खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र आणि दातांच्या कवळीपर्यंत मूळ यादी होती. नंतर तिच्यात कमोडची सोय असलेली खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा अशा वस्तूंची भर पडली. जिल्ह्यातील लाभार्थ्यांत किमान ३० टक्के महिला असाव्यात, असा प्रयत्न अपेक्षित आहे.

साधने बनवण्याची आणि वाटण्याची जबाबदारी कानपूरच्या भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमाकडे, म्हणजे ‘अलिम्को’कडे आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेला हा सरकारी उपक्रम. काम शिबिरांतून चालते. आधी तपासणी शिबिर होते. त्यात डॉक्टर आणि तंत्रज्ञ ज्येष्ठांना तपासून कोणाला काय हवे ते नोंदवतात. मग साधने तयार होऊन येतात आणि वाटप शिबिर भरते. प्रयागराजमध्ये २९ फेब्रुवारी २०२० रोजी झालेल्या वाटप शिबिरात एडिप आणि वयोश्री मिळून २६ हजारांहून अधिक लाभार्थी होते. वाटपानंतर एक वर्ष मोफत देखभाल देणे अलिम्कोवर बंधनकारक आहे.

शिबिराची पद्धत झटपट आहे, आणि तिची उणीवही तिथेच आहे. साधन माणसाच्या मापाचे असावे लागते, आणि मापाला वेळ लागतो. चष्म्याला जसा नंबर, तशी काठीला उंची. ताठ उभे राहून हात सैल सोडला, की मनगटाच्या घडीशी काठीची मूठ यावी आणि मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहावे. काठी उंच असेल तर खांदा वर उचलला जातो; बुटकी असेल तर माणूस पुढे वाकतो आणि तोल आणखी जातो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे तर कित्येकांना कोणी सांगितलेलेच नसते. टोकाचे रबरी बूट झिजले की ओल्या फरशीवर तीच काठी घसरते. चार पायांची काठी अर्धांगवायू झालेल्या माणसाला सपाट जमिनीवर भक्कम आधार देते, पण खडबडीत अंगणात किंवा पायवाटेवर तिचे चारही पाय एकदम टेकत नाहीत आणि ती डुगडुगते. चाकाच्या खुर्चीची बैठक नितंबांपेक्षा जेमतेम बोटभर रुंद हवी, आणि खुर्ची घराच्या दारातून आत गेली पाहिजे. उंबरठा उंच असेल, न्हाणीघराचे दार अरुंद असेल, तर मोफत मिळालेली खुर्चीही पडवीत कपडे वाळत घालण्याच्या कामी येते. तपासणी शिबिरात रोगी तपासला जातो, घर तपासले जात नाही. म्हणून शिबिराला जाताना घरातल्या दारांची रुंदी मोजून नेणे आणि साधन हातात आल्यावर तिथेच चालून पाहून उंची बदलून घेणे, एवढे तरी नातेवाइकांनी करावेच.

राज्याच्या योजनेने वेगळी वाट धरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाने मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा शासन निर्णय काढला. ३१ डिसेंबर २०२३ अखेर ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांच्या आधार संलग्न बँक खात्यात एकरकमी ३,००० रुपये थेट जमा करण्याची ही योजना. चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड (तीन पायांची काठी), साधी काठी, चाकाची खुर्ची, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा, कमरेचा व मानेचा पट्टा यांपैकी गरजेची वस्तू त्या पैशांतून लाभार्थ्याने स्वतः घ्यायची. योगोपचार केंद्र आणि मनःस्वास्थ्य केंद्रातील सहभागासाठीही ही रक्कम वापरता येते. गेल्या ३ वर्षांत तेच साधन सरकारकडून मोफत घेतलेले नसावे, ही अट आहे. अंमलबजावणीची धुरा ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि महानगरांत महापालिका आयुक्तांकडे आहे. रोजच्या कामासाठी मात्र गाठावे लागते ते समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचे कार्यालय. आधारकार्ड, मतदार ओळखपत्र, पासबुकाची झेरॉक्स, फोटो आणि स्वयंघोषणापत्र एवढ्यावर अर्ज होतो. उत्पन्नासाठी स्वयंघोषणापत्र चालते, हा मोठा दिलासा आहे; तहसीलच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहण्याची ताकद ज्यांच्या पायांत नाही, त्यांच्यासाठीच ही योजना आहे.

पैसे जमा झाल्यावर एक गोष्ट विसरून चालत नाही. साधन विकत घेतल्याचे बिल ३० दिवसांच्या आत प्रमाणित होऊन योजनेच्या पोर्टलवर (संकेतस्थळावर) चढायला हवे. तसे झाले नाही तर रक्कम परत वसूल होऊ शकते. ‘खात्यात पैसे आले’ म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्या घरांची इथे अडचण होते. म्हणून पक्के बिल मागून घ्यावे आणि त्यावर लाभार्थ्याचेच नाव असावे.

निवडीचे स्वातंत्र्य हा पैसे देण्याचा खरा फायदा. आजी स्वतः दुकानात जाऊन काठी हातात धरून बघू शकते, नको असेल तर दुसरी मागू शकते. पण ३,००० रुपयांत काठी, वॉकर किंवा पट्टा येतो; चांगले श्रवणयंत्र येत नाही. शिवाय दुकानदार हा काही फिजिओथेरपिस्ट नव्हे. म्हणजे वस्तूच्या योजनेत निवड नाही आणि पैशांच्या योजनेत सल्ला नाही. ही फट बुजवायची तर तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी साधनांचे माप आणि दुरुस्ती पाहणारा माणूस बसायला हवा. त्यासाठी नव्या योजनेची गरज नाही, एका पदाची आहे. झिजलेले रबर आणि सैल झालेला ब्रेक यांची दुरुस्ती अगदी थोडक्यात होते, पण ती कुठे करून मिळेल हे घरच्यांना ठाऊक नसते, आणि वर्षभराची मोफत देखभाल कानपूरच्या नावावर कागदोपत्री राहते.

इतर मार्गही बंद नाहीत. ज्या ज्येष्ठांकडे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र आहे, त्यांनी एडिपकडे जरूर पाहावे. तिची उत्पन्नमर्यादा अधिक सैल आहे. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत मिळते, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या खर्चात. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो अखर्चित पडून असेल तर ग्रामसभेत त्याची मागणी करता येते. केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी ‘सीजीएचएस’ या त्यांच्या आरोग्य योजनेतून आणि माजी सैनिक ‘ईसीएचएस’ या त्यांच्या आरोग्य योजनेतून ठरावीक मर्यादेत साधनांचा खर्च मिळवू शकतात, पण त्यासाठी डॉक्टरांची लेखी शिफारस हवी.

अर्ज कुठे करायचा, जवळचे शिबिर कधी आहे, याची विचारणा १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर करता येते. अलिम्कोच्या शिबिरांसाठी नोंदणी गावातील सामायिक सेवा केंद्रात होते. तिथे जाताना ज्येष्ठांचे आधारकार्ड, फोटो आणि उत्पन्नाचा पुरावा किंवा वृद्धापकाळ निवृत्तिवेतन मिळत असल्याचा कागद सोबत असावा.